कार्यशाळा झाली, वर्ग तसाच: विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणातल्या या चुका टाळा

विशेष शिक्षकांच्या बहुतेक कार्यशाळांचं वेळापत्रक न बघताही सांगता येतं. सकाळी स्वमग्नतेची लक्षणं, मग बौद्धिक अक्षमतेचे प्रकार, दुपारी कायदे, शेवटी प्रमाणपत्रं आणि गटफोटो. दुसऱ्या दिवशी मुलगा टेबलाखाली जाऊन बसतो, तेव्हा बाईंना लक्षणांची यादी पाठ असते, पण पुढच्या दोन मिनिटांत काय करायचं ते कुणी करून दाखवलेलं नसतं.

एका दिवसात सगळं उरकणं

शिक्षक-प्रशिक्षणाचे अमेरिकी अभ्यासक ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० मध्येच मांडलं होतं की नुसतं सांगून भागत नाही. करून दाखवावं लागतं, सराव आणि दुरुस्ती लागते, आणि वर्गात कुणीतरी सोबत उभं राहावं लागतं. २००७ मध्ये अमेरिकेत शिक्षक-प्रशिक्षणावरचे १,३०० हून अधिक अभ्यास चाळले गेले, त्यातले कसोटीला उतरले फक्त ९. ते सर्वसाधारण शाळांमधले होते, पण १४ तासांपर्यंतच्या प्रशिक्षणाचा मुलांच्या शिकण्यावर ठोस परिणाम त्यांत दिसला नाही. तरी सहा तासांत दहा विषय कोंबायची हौस जात नाही.

एका वेळी एकच कौशल्य घ्या. दहा मिनिटं सांगा, दहा मिनिटं करून दाखवा आणि उरलेला वेळ जोडीजोडीने सराव. एक शिक्षक मूल होतो, दुसरा शिकवतो, आणि सलग तीनदा बरोबर जमेपर्यंत उठायचं नाही. आठवड्याच्या आत वर्गात जाऊन वीस मिनिटं बघा आणि त्याच दिवशी सांगा: एक गोष्ट जमलेली, एक बदलायची. सात गोष्टी सांगितल्या तर एकही बदलत नाही. त्यानंतर पंधरा-पंधरा दिवसांनी अशा आणखी तीन फेऱ्या. ‘एवढा वेळ कुठे आहे?’ असं विचारणाऱ्यांकडे दरवर्षी तीच कार्यशाळा पुन्हा घ्यायला मात्र वेळ असतो.

‘दुर्लक्ष करा’ हा सरसकट सल्ला

सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्याने होतं. वर्गातलं नेहमीचं चित्र असं: लेखनाच्या तासाला मुलगा पेन्सिल फेकतो. बाई कार्यशाळेत शिकल्याप्रमाणे तिकडे बघतही नाहीत. पेन्सिल कपाटाखाली जाते, वही कोरी राहते, तास संपतो. पहिल्या आठवड्यात दिवसाला दोनदा फेकणारा मुलगा तिसऱ्या आठवड्यात वही समोर आली की लगेच फेकतो. बाईंना वाटतं, आपलं दुर्लक्ष कमी पडतंय. खरं तर त्याला लक्ष नकोच होतं. त्याला लिहिणं टाळायचं होतं आणि दुर्लक्षाने नेमकं तेच हातात दिलं.

वर्तनामागे साधारण चार हेतू सापडतात: लक्ष वेधणं, काम टाळणं, हवी ती वस्तू मिळवणं किंवा त्या क्रियेतूनच मिळणारी संवेदना. दुर्लक्षाचा उपयोग फक्त पहिल्या हेतूसाठी, आणि तिथेही आधी त्रास वाढतो. चार दिवस दुर्लक्ष करून पाचव्या दिवशी बाई ओरडल्या, की जोर वाढवला तर काम होतं हे मूल शिकतं. हा चढ येणार, हे शिक्षकांना आधीच सांगून ठेवा. मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, तर दुर्लक्षाचा प्रश्नच येत नाही.

आधी नोंद करायला शिकवा. तीन रकाने: लगेच आधी काय घडलं, मुलाने काय केलं, लगेच नंतर त्याला काय मिळालं. दहा-पंधरा प्रसंग लिहिल्याशिवाय उपाय बोलू नका. वरच्या मुलासाठी पाच ओळींच्या दोन ओळी करा, ‘थोडं थांबू’ असं सांगणारं चित्रकार्ड द्या आणि फेकण्याच्या आधीच ते वापरायला शिकवा. कार्ड दिलं की लगेच दोन मिनिटं सुट्टी, मग पुन्हा त्याच ओळीवर. सुरुवातीला तो तासात आठदा कार्ड देईल. देऊ द्या. अधीर शिक्षक तिसऱ्यांदाच कार्ड काढून घेतो आणि पेन्सिल पुन्हा उडते.

मदत द्यायला शिकवणं, काढायला न शिकवणं

शर्टाची बटणं लावणारी मुलगी बघा. एक बटण झालं की हात थांबतात आणि ती बाईंच्या तोंडाकडे बघते. ‘आता पुढचं’ म्हटलं की पुढचं लावते. कागदावर ‘बटणं लावता येतात’ अशी नोंद होते, पण बाई खोलीबाहेर गेल्या तर दुसरं बटण उघडंच राहतं. तोंडी सूचना सगळ्यांत सोपी वाटते आणि काढायला सगळ्यांत चिवट असते. शक्य तिथे मागून हाताला हलका आधार किंवा खूण द्या, आणि कुठलीही मदत सुरू करतानाच ती कशी कमी करायची ते लिहून ठेवा.

उपाय म्हणजे थांबणं. सुरुवातीच्या फेऱ्यांत मदत लगेच, मग दर वेळी पाच सेकंद वाट बघून. शिक्षकांचे पाच सेकंद बहुधा दोनच असतात, म्हणून सरावात घड्याळ लावा. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या जुन्या निरीक्षणांत प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या किंवा चित्रफलकावरून बोलणाऱ्या मुलांना दहा सेकंदही कमी पडू शकतात.

बाकीच्या, थोडक्यात

डोळ्यांवर पट्टी बांधून ‘अंधत्वाचा अनुभव’ देऊ नका, त्यातून कीव वाढते, कौशल्य नाही.

मदतनीस ताईंना प्रशिक्षणातून वगळू नका. मुलाजवळ दिवसभर त्याच असतात, आणि बाईंनी काढलेली मदत त्याच नकळत परत देतात.

‘हा बघून शिकणारा, तो ऐकून शिकणारा’ अशी वर्गवारी सोडून द्या, तशा शिकवण्याने शिकणं सुधारतं असा भक्कम पुरावा नाही.

संवादाचं यंत्र (चित्रावर बोट ठेवलं की शब्द बोलणारं) नुसतं मुलापुढे ठेवू नका. मोठ्यांनी स्वतः बोलताना त्याच्यावर बोट ठेवून दाखवायचं असतं, तेही मूल काही न बोलता नुसतं बघत असलं तरी.

‘कार्यशाळा आवडली का?’ एवढंच विचारणारा अर्ज भरून घेऊ नका. महिन्याने वर्गात मोजा. मोजण्याआधी व्याख्या मात्र घट्ट करा. ‘चिडतो’ हे मोजता येत नाही, ‘वस्तू हातभर अंतरापलीकडे फेकतो’ हे येतं. दोन शिक्षिकांना एकाच वेळी, एकाच मुलाकडे बघत दहा मिनिटं मोजायला बसवा आणि लहान आकड्याला मोठ्या आकड्याने भागा. एकीचे ९ आणि दुसरीचे १२ आले, तर मेळ ७५ टक्के. ८० च्या खाली आला की आकडे बाजूला ठेवा आणि व्याख्या पुन्हा लिहा.