घरच्या कॉम्प्युटरला अँटिव्हायरस कुठला घ्यावा? पैसे देण्याआधी एवढं करून बघा

जळगावच्या गोलाणी मार्केटात कॉम्प्युटर असेंबल करून घ्या, नाहीतर धुळ्याच्या आग्रा रोडवरून नवा लॅपटॉप उचला, बिल करताना एक प्रश्न ठरलेला असतो: "अँटिव्हायरस टाकायचा का, भाऊ?" आपण किंमत विचारतो, थोडी घासाघीस करतो आणि डबा पिशवीत पडतो. कुठला घेतला, कशासाठी घेतला, मुळात हवा होता का, हे कोणी विचारत नाही. पुढच्या वर्षी मुदत संपल्याची लाल पाटी आली की शेजारच्या कॉलेजातल्या पोराला हाक जाते, "भाऊ, कॉम्प्युटर सुस्त व्हई गया!"

माझं मत आधीच सांगून टाकतो. विंडोज खरं आणि ताजं असेल तर बहुतेक घरांना वेगळा अँटिव्हायरस विकत घ्यायची गरज नाही. पण आपल्याकडे अशीही बरीच घरं आहेत, ज्यांना तो घेतलेला बरा. आपलं घर कुठल्या गटात बसतं, हे खालच्या क्रमाने गेलात तर तासाभरात कळेल.

१. आधी विंडोज तपासा

सेटिंग्ज उघडा, सिस्टिममध्ये जा, सगळ्यात खाली 'अबाउट' असतं. तिथे विंडोज १० आहे की ११ ते दिसेल. विंडोज ॲक्टिव्हेट झालंय का, हे कळायला सिस्टिममध्येच 'ॲक्टिव्हेशन' बघा (विंडोज १० मध्ये ते 'अपडेट अँड सिक्युरिटी'त सापडेल).

विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबले, विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज १० वाल्या घरांसाठी मायक्रोसॉफ्टने ईएसयू नावाची वाढीव अपडेटची योजना आणली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. अपडेटच्या पानावर तिच्यात नाव नोंदवता येतं. विंडोज १० वर डिफेंडरला, म्हणजे विंडोजमध्येच असलेल्या अँटिव्हायरसला, नव्या व्हायरसांची ओळख २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे, म्हणून काही जण निर्धास्त आहेत. तसं राहू नका. ओळख नवी मिळाली तरी विंडोजमधली भोकं त्याने बुजत नाहीत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभरचे कॉम्प्युटर कुलूपबंद केले, तेव्हा त्यावरचा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता ते सापडले.

आता अवघड विषय. 'विंडोज टाकून देतो' म्हणून कोणी दोन-तीनशे रुपयांत जे टाकतं, ते बहुधा क्रॅक केलेलं असतं. ते ॲक्टिव्हेट करणारा प्रोग्राम चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. म्हणजे कुठून आलेला माहीत नाही असा प्रोग्राम पूर्ण अधिकारानिशी चालवायचा, आणि तोही राखण काढून घेऊन. अशा मशीनवर महागडा अँटिव्हायरस टाकून फार काही साधत नाही. हातात दोनच हजार रुपये असतील तर अँटिव्हायरसचा विचार सोडा आणि ते अस्सल विंडोजच्या गंगाजळीत टाका. मशीन फारच जुनं असेल, विंडोज ११ घेत नसेल, आणि काम फक्त नेट, सातबारा, व्हिडिओ, पत्र टाइप करणं एवढंच असेल, तर विंडोजऐवजी टाकता येणारी लिनक्स मिंट ही प्रणाली फुकट आहे. टॅली किंवा डिजिटल सहीचं काम असेल तर मात्र विंडोजच ठेवा.

२. सध्या पहाऱ्यावर कोण आहे?

स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' शोधून उघडा. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'वर टिचकी मारा आणि 'मॅनेज प्रोव्हायडर्स' असा दुवा शोधा. या मशीनवर कुठला अँटिव्हायरस आणि कुठला फायरवॉल (त्याबद्दल पुढे) चालू आहे, ते तिथे नावानिशी दिसतं.

नव्या लॅपटॉपमध्ये कंपनीने चकटफू दिलेला, महिना-दोन महिन्यांच्या मुदतीचा अँटिव्हायरस असतो. तो आला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर बाजूला होतो. मुदत संपल्यावर डिफेंडर आपोआप परत यायला हवा, पण कधी कधी पाहुणा जागा सोडत नाही आणि डिफेंडरला वाटतं राखण चालू आहे. ही भानगड तपासून घ्या. असा मुदत संपलेला प्रोग्राम सेटिंग्जमधल्या 'ॲप्स'मधून काढून टाका, मशीन रिस्टार्ट करा आणि डिफेंडर पुन्हा चालू झालाय का ते त्याच पडद्यावर बघा. काढूनही चिकटून राहिला तर त्या कंपनीच्या साइटवर तो समूळ काढणारं छोटं टूल मिळतं.

दोन अँटिव्हायरस एकदम चालवू नका. दोघंही प्रत्येक फाइल उघडायला धावतात, एकमेकांवर संशय घेतात आणि चार जीबी रॅमचं मशीन जागीच बसतं.

३. विकत कोणी घ्यावा?

डिफेंडर बराचसा इंटरनेटच्या जोरावर चालतो. संशयास्पद फाइल दिसली की मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारतो. नेट चालू असताना तो चांगल्या-चांगल्यांच्या पंक्तीत बसतो. नेट नसताना त्याची पकड ढिली पडते, हे स्वतंत्र चाचण्यांतही दिसून आलंय. जळगाव शहरात फायबर असलेल्या घराला याचं काही नाही. पण धडगाव-अक्कलकुव्याकडे, सातपुड्याच्या कुशीत, जिथे रेंजसाठी टेकडीवर जावं लागतं आणि सगळी देवाणघेवाण पेनड्राइव्हवर चालते, तिथे ऑफलाइन चांगली पकड असलेला विकतचा अँटिव्हायरस घ्यावा. मीही तसाच सल्ला देतो.

पेनड्राइव्हबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण आपल्याकडे आजार तिथूनच येतो. स्कॉलरशिपचा फॉर्म, पीक विम्याचे कागद, विद्यापीठाचं हॉल तिकीट, सगळं प्रिंटला झेरॉक्सच्या दुकानात जातं. त्या एका कॉम्प्युटरला दिवसभरात गावातले निम्मे पेनड्राइव्ह लागतात. घरी येऊन उघडला की फोल्डर जागेवर दिसतात, पण प्रत्येकाच्या चिन्हावर डाव्या कोपऱ्यात छोटा बाण. कधी सगळ्या फाइली गायब आणि त्याजागी पेनड्राइव्हच्याच नावाचा एकटा शॉर्टकट. त्यावर डबल क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो, मग फोल्डर उघडतो, त्यामुळे आपल्याला पत्ता लागत नाही. फाइली बहुतेक वेळा पुसलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. तेव्हा घाबरून फॉरमॅट मारू नका. पेनड्राइव्हच्या नावावर उजवी क्लिक करून डिफेंडरने स्कॅन करा, मग फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मधून लपलेल्या आणि संरक्षित सिस्टिम फाइली दाखवायला सांगा, आपल्या फाइली उचलून घ्या आणि मगच फॉरमॅट. 'एक्स्टेन्शन' (फाइलच्या नावाची शेपटी) दिसण्याची खूणही तिथेच चालू करून ठेवा, म्हणजे फोटोचं सोंग घेतलेला प्रोग्राम ओळखू येतो. आणि छापायचं असेल ते शक्यतो ईमेलने पाठवा.

विकत घेण्याचं आणखी एक रास्त कारण म्हणजे आईवडील गावी आणि मुलं पुण्यात. अडचण आली की मराठी-हिंदीत फोनवर बोलणारं कोणीतरी किंवा तालुक्याच्या गावचा दुकानदार हवा असतो. त्यासाठी दिलेले पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही.

४. घ्यायचाच असेल तर

दुकानदार ज्याची शिफारस करतो त्यात त्याचं कमिशनही असतं, त्याचा राग नको, पण निकाल दुसरीकडे बघा. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्हज या संस्था नियमित चाचण्या घेऊन निकाल फुकट प्रसिद्ध करतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, मशीनवर पडणारा भार आणि वापरातला त्रास या तिन्हींना प्रत्येकी ६ गुण देते. बहुतेक जण संरक्षणाचे गुण बघून थांबतात. जुन्या हार्ड डिस्कच्या मशीनवर भाराचे गुण आधी बघा. तिसरे गुण निर्दोष फाइलीला चोर ठरवण्याबद्दलचे आहेत. जुनं मराठी टायपिंगचं किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना तेही महत्त्वाचे. एव्ही-कम्पॅरेटिव्हजच्या मालवेअर (घातक प्रोग्रामच्या) चाचणीत ऑफलाइन पकडीचा वेगळा रकाना असतो. सातपुड्याकडच्या मंडळींनी तो शोधावा.

आपल्या मातीतलं हवं तर पुण्याची क्विक हील आहे. साताऱ्याच्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, भाऊ संजय यांनी अँटिव्हायरस लिहिला, त्यातून ही कंपनी उभी राहिली. चेन्नईची के७ आणखी जुनी. अभिमान असावाच, पण निकाल त्यांचेही बघा.

'टोटल', 'प्रीमियम', 'अल्टिमेट' असल्या नावांत गुंतू नका. व्हायरस पकडणारं इंजिन बहुधा सगळ्यांत एकच असतं. वाढीव पैसे जातात ते व्हीपीएन, पीसी ट्यूनर, मुलांवर लक्ष ठेवायची सोय यांना. यातलं वापरणार असाल तरच घ्या. पहिल्या वर्षाची किंमत कमी आणि नूतनीकरणाची दुप्पट, हाही प्रकार असतो. कार्ड देऊन घेतलंत तर आपोआप नूतनीकरण बंद करा. डबा घेतलात तर आतली ॲक्टिव्हेशनची की खरडलेली नाही ना ते बघा, पक्कं बिल घ्या आणि मुदत ॲक्टिव्हेट केल्या दिवसापासून मोजतात हे लक्षात ठेवा. टेलिग्रामवर मिळणारी फुकट की आणि 'क्रॅक अँटिव्हायरस' यांच्या नादी अजिबात लागू नका.

फुकटचेही चांगले आहेत, पण कंपनी पैसे कुठून काढते ते विचारा. लोकांच्या ब्राउझिंगची माहिती विकल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले.

५. फायरवॉल

इथे विकत घ्यायचं जवळपास काहीच नसतं. अँटिव्हायरस फाइली तपासतो. फायरवॉल नेटवर्कवरून बिनबोलावी आत येऊ बघणारी कनेक्शनं अडवतो. विंडोजचा फायरवॉल २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून आपोआप चालू असतो आणि घराला तो पुरतो. विकतच्या संचात वेगळा फायरवॉल असेल तर दोघांपैकी एकच चालू राहू द्या.

लक्ष द्यायचं ते 'पब्लिक' आणि 'प्रायव्हेट'कडे. वाय-फायच्या नावाच्या गुणधर्मांत हे दोन पर्याय असतात. घरचा प्रिंटर किंवा दुसरा कॉम्प्युटर जोडायचा असेल तर घरच्या वाय-फायला 'प्रायव्हेट'. भुसावळ स्टेशनवरचं वाय-फाय, लॉज, कॉलेज, लग्नाचं मंगल कार्यालय, सगळीकडे 'पब्लिक'. नवा प्रोग्राम 'अलाऊ ॲक्सेस' विचारतो, तेव्हा तो आपण स्वतः टाकलेला नसेल तर सरळ कॅन्सल करा.

राउटरलाही फायरवॉल असतो. लाइन जोडणारा माणूस सेटिंगचा पासवर्ड बहुधा कंपनीचाच ठेवून जातो, तो बदला. बाहेरून सेटिंग उघडायची 'रिमोट मॅनेजमेंट' सोय चालू असेल तर बंद करा.

६. बसवल्यानंतर

सॉफ्टवेअर कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. शोधल्यावर सगळ्यात वर येणारी जाहिरात टाळा. अपडेट करून एक फुल स्कॅन लावा. जुन्या मशीनवर तो तासन्‌तास चालतो, तेव्हा वीज जाण्याची वेळ टाळून रात्री लावा. वैशाखात भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा भर दुपारी नकोच. पंख्यात धूळ भरलेलं मशीन तापून बंद पडतं आणि आळ अँटिव्हायरसवर येतो.

विंडोज सिक्युरिटीत 'टॅम्पर प्रोटेक्शन' चालू असू द्या, म्हणजे दुसरा प्रोग्राम डिफेंडरची सेटिंग परस्पर बदलू शकत नाही. डिफेंडर वापरत असाल तर 'रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) प्रोटेक्शन'मधलं 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू करा. अनोळखी प्रोग्रामला तुमच्या डॉक्युमेंट आणि फोटोंना हात लावता येत नाही. एखादं जुनं सॉफ्टवेअर फाइल सेव्ह करेनासं झालं तर त्याला तिथेच परवानगी द्या, सगळी सोय बंद करू नका. राखण खरंच जागी आहे का हे बघायचं असेल तर ईआयसीएआर या युरोपीय संस्थेच्या साइटवर ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल आहे. ती उतरवताच अँटिव्हायरसने ओरडायला हवं.

फोटो आणि कागदांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि काम झालं की डिस्क काढून कपाटात. जोडलेलीच राहिली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावतं.

कॉम्प्युटर आधीच बिघडल्यासारखा वागत असेल तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर सफाईची टूल्स फुकट मिळतात. 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात, या नंबरवर फोन करा' असं पडद्यावर आलं तर तो सापळा समजा, ब्राउझर बंद करा. फोनवरच्या माणसाच्या सांगण्यावरून एनीडेस्कसारखं, दुरून कॉम्प्युटर चालवू देणारं ॲप टाकून तुम्हीच दार उघडून दिलंत, तर कुठलाही अँटिव्हायरस अडवत नाही, कारण ते ॲप व्हायरस नाहीच. पैसे गेले असतील तर आधी नेट तोडा आणि दुसऱ्या फोनवरून लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला कळवा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी ते गोठवण्याची संधी पहिल्या काही तासांतच असते. बँकेला कळवणं आणि पासवर्ड बदलणं हे त्याच्या लगोलग, आणि तेही दुसऱ्या, धड असलेल्या मशीनवरून.