परसातल्या चार कोंबड्या आणि घरापुरती भाजी: ठाणे-नवी मुंबईत सुरुवात कशी करावी

येऊर, कोलशेत, घणसोली किंवा करावे गावात घरामागे दहा बाय पंधरा फुटांचं परस असेल, तर तेवढ्यात चार-पाच कोंबड्या आणि घरापुरती भाजी सहज होते. फक्त सगळी मांडणी पावसाळा डोळ्यांसमोर ठेवून करा. आपल्याकडची थंडी कोंबडीला काहीच नाही. सावली आणि पाणी असेल तर ऊनही ती काढते. पण जून ते सप्टेंबर खुराड्यातल्या ओल्या तुसात उभी राहिली, तर ती टिकत नाही.

आधी शेजाऱ्यांशी बोला. सोसायटीचे नियम आणि महापालिकेची परवानगी यांचीही चौकशी करा. कोंबडा ठेवू नका. अंड्यांसाठी त्याची गरज नसते, पिल्लं काढायची असतील तरच लागतो. भिंतीला भिंत लागून घरं असलेल्या गावठाणात पहाटेच्या आरवण्यावरून वाद होतातच.

पक्षी कधी आणि कोणते आणायचे

दिवाळीनंतर आणा. पावसाच्या तोंडावर आणलेली पिल्लं गारठा आणि ओल एकदम झेलतात. एक दिवसाच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश ऊब लागते, मग ती दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करायची. नव्या माणसाने या भानगडीत पडू नये, तीन महिन्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, घ्याव्यात. त्या पावसाळ्याआधीच अंड्यावर येतात. गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, वनराज किंवा गिरिराज या सुधारित जाती शंभराच्या वर. मला गावठीच पसंत आहे. ती चपळ असते, चरून खाते आणि खुडूक बसली की 21 दिवसांत पिल्लंही काढते. (त्यासाठी फलित अंडी शेजारच्या गावातून आणता येतात.) विकत घेताना मानमोडी, गंबोरो आणि देवी या रोगांच्या लसी झाल्या आहेत का, हे आवर्जून विचारा.

खुराडं

आपला पाऊस नैऋत्येकडून झोडपतो. म्हणून खुराड्याच्या पश्चिम आणि दक्षिण बाजू बंद ठेवा, पूर्वेला जाळी लावा. पत्रा भिंतीच्या पुढे दोन-अडीच फूट आलेला हवा. मे महिन्यात तोच पत्रा तापतो, त्यावर नारळाच्या झावळ्या टाका. जमीन दीड-दोन फूट उंच घ्या, म्हणजे परसात पाणी साचलं तरी आत येणार नाही. एका कोंबडीमागे आत किमान दोन चौरस फूट जागा धरा, बाहेर फिरायला आठ-दहा. बसायला गोल कडांची लाकडी दांडी लावा, कोंबड्या रात्री उंचावरच झोपतात.

जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेशच (वेल्डिंग केलेली चौकोनी जाळी) घ्या. षटकोनी जाळीतून घूस आत शिरते, मुंगूस ती वाकवतो. जाळी फूटभर जमिनीत पुरा आणि संध्याकाळी दार न चुकता लावा. येऊरच्या बाजूला बिबट्याचा वावर आहे. तिथे खुराडं घराच्या भिंतीला लागून आणि भक्कम असावं.

आत भाताच्या तुसाचा तीन-चार इंच थर टाका. रोज खालीवर करायचा. पावसाळ्यात एक साधी परीक्षा करा: मूठभर तूस घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर ते सुटलं तर ठीक. गोळा राहिला तर ओल आहे. तेवढा भाग काढा, नवं तूस घाला, थोडी विरलेल्या चुन्याची भुकटी मिसळा. खाली वाकल्यावर डोळ्यांत झोंबणारा वास आला तर परीक्षेचीही गरज नाही, तो अमोनिया असतो. रक्ती हगवण अशाच ओल्या तुसातून पसरते. कोपऱ्यात पसरट घमेल्यात कोरडी माती आणि चुलीची राख ठेवा. कोंबड्या त्यात लोळतात आणि उवा-पिसवा आटोक्यात राहतात.

खाणं

मोठ्या कोंबडीला दिवसाला साधारण शंभर ग्रॅम खाद्य लागतं. लेअर फीड (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य), कणी, मक्याचा भरडा, वर शेवग्याचा पाला. अंड्याच्या कवचासाठी चुना हवा, आणि तो खाडीकाठी फुकट मिळतो: तिसऱ्यांच्या शिंपल्या स्वच्छ धुवा, उकळा, वाळवा, पाट्यावर जाडसर भरडा आणि वेगळ्या वाटीत ठेवा. कोंबडी लागेल तेवढंच उचलते. खारवलेली सुकी मासळी, हिरवा पडलेला बटाटा आणि कच्चा राजमा देऊ नका. पाणी रोज बदला. उन्हाळ्यात मातीच्या भांड्यात, दिवसातून दोनदा.

वाफे आणि खत

कोवळी रोपं आणि कोंबड्या एकत्र नांदत नाहीत, वाफ्यांना तीन फूट उंच जाळी हवीच. पहिल्या पावसानंतर भेंडी, गवार लावा आणि मांडवावर दोडका, पडवळ, कारली चढवा. ऑक्टोबरपासून वांगी, टोमॅटो, मेथी, मुळा. मांडव उतरला की त्या जागेत कोंबड्या आठवडाभर सोडा. त्या अळ्या, गोगलगायी आणि तणाचं बी वेचून काढतात, माती उकरूनही देतात. मात्र कोथिंबीर, मुळा अशी कच्ची खायची भाजी तिथे लगेच लावू नका, विष्ठेतले जंतू मातीत राहतात. तिथे लाल भोपळ्याचा वेलही नको, वांग्याचं रोप बरं. त्याचं फळ जमिनीपासून वर असतं आणि शिजवूनच खाल्लं जातं.

ताजी कोंबडीची विष्ठा थेट झाडाला घातली तर मुळं जळतात, तिच्यात नत्र फार असतं. खुराड्यातलं तूस आणि त्याच्या दुप्पट सुका पाला थरांनी रचा, वर ताडपत्री घाला. नाहीतर पाऊस सगळं सत्त्व धुऊन नेतो. पंधरवड्याने उलटा. तीन-चार महिन्यांनी वास जाऊन ढीग काळा, भुसभुशीत झाला की खत तयार.

आजारपण

कोंबडी मान टाकून, पिसं फुलवून एकटी बसली तर लगेच वेगळी करा. जानेवारी 2021 मध्ये ठाण्यात मेलेल्या बगळ्यांत बर्ड फ्लू सापडला होता. फेब्रुवारी 2022 मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत कोंबड्यांमध्ये. खाडीचे पक्षी आपल्या डोक्यावरूनच जातात, तेव्हा दाणापाणी छपराखाली ठेवा. एकापाठोपाठ पक्षी दगावू लागले तर हात लावू नका, विकू नका, कापून खाऊ नका. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा 1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन करा.