जात पडताळणी: अर्जाआधी आजोबांचा कागद शोधा

बारावीनंतर राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला समितीकडून तपासून वैधता प्रमाणपत्र घ्यावं लागतं, हीच जात पडताळणी. म्हणून मुलगा किंवा मुलगी अकरावी सायन्सला गेली की पडताळणीचं काम लगेच काढा. बारावीच्या निकालानंतर धावपळ सुरू केली तर साताऱ्यात काय नि सांगलीत काय, हाती नुसती अर्जाची पावतीच राहते. आणि पावतीवर प्रवेश द्यायचा की नाही, हे त्या-त्या वर्षीचा शासन आदेश ठरवतो.

बहुतेक जण आधी सेतूत जाऊन फॉर्म भरतात आणि मग कागद शोधतात. नेमकं उलटं करायचं. सगळी फाईल एका जुन्या नोंदीवर उभी असते: मानीव दिनांकाच्या, म्हणजे प्रत्येक प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेच्या, आधीची नोंद. अनुसूचित जातीसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसी व विशेष मागासांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधीचा वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या माणसाचा जातीचा उल्लेख असलेला कागद लागतो. आईकडचा चालत नाही. जात सिद्ध करण्याची जबाबदारी राज्याच्या जात प्रमाणपत्र कायद्याच्या कलम ८ नुसार अर्जदाराचीच आहे.

शोध प्राथमिक शाळेपासून सुरू करा. आजोबा, चुलत आजोबा, आत्याआजी, जे कोणी शाळेत गेले असतील त्यांचा जनरल रजिस्टरचा (शाळेच्या प्रवेश नोंदवहीचा) उतारा मागा. नुसता शाळेचा दाखला पुरत नाही, कारण पडताळणी समिती मूळ रजिस्टरशी ताडून बघते. शाळेचं रजिस्टर किती टिकतं म्हणाल, तर ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, बाबासाहेबांचं नाव ‘भिवा’ असं लागलं, ती नोंद आजही दाखवता येते. शाळेत कोणी गेलंच नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, काढा. गावात याला कोतवाल बुक म्हणतात. जुने फेरफारही (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी) बघा. नोंद मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडून प्रमाणित लिप्यंतर करून घ्या. आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती आणि जत हे स्वतंत्र संस्थान होतं, त्यामुळे तिथली जुनी दप्तरं कुठे आहेत याची चौकशी आधीच करा.

नोंद सापडली तरी ती तुमच्याच माणसाची आहे हे साखळीने दाखवावं लागतं. फाईल इथेच अडकते. रजिस्टरात ‘बापू सखा’, सातबाऱ्यावर ‘बापूराव सखाराम’, आडनाव कुठे आहे, कुठे नाही. अशा वेळी वंशावळीचं शपथपत्र (नमुना ३) जपून लिहा: पणजोबांपासून खाली प्रत्येक नाव, आणि नावापुढे कोणत्या कागदाचा आधार तेही. रजिस्टरात खाडाखोड असेल किंवा वेगळ्या शाईत नंतर घातलेली जात दिसत असेल तर तो कागद जोडू नका. त्याच्यामुळे बाकीचे खरे कागदही संशयात येतात. नवबौद्ध कुटुंबांनी १९५६ नंतरच्या ‘बौद्ध’ नोंदीवर थांबू नये, आधीची मूळ जातीची नोंद लागते. कैकाडी समाज विदर्भाच्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जातीत येतो, आपल्याकडे विमुक्त जातीत; तिकडच्या नातेवाइकाचा दाखला बघून प्रवर्ग लिहू नका.

जातीचा दाखला प्रांत (उपविभागीय अधिकारी) कार्यालयातून मिळतो, पण कोणत्या? मानीव दिनांकाला तुमचं घराणं जिथे राहत होतं तिथल्या. मुंबईत जन्मलेल्या पाटणच्या पोरालाही पाटणलाच यावं लागतं, आणि पुढची पडताळणी सातारा जिल्हा समितीकडेच होते. लग्न झालेल्या मुलीचा दाखला माहेरच्या नावाने आणि वडिलांच्या कागदांवर.

मग ऑनलाइन अर्ज. विद्यार्थ्यांसाठी नमुना १६, सोबत नमुना ३, नमुना १७ चं शपथपत्र आणि प्राचार्यांचं १५-अ पत्र. स्कॅन मूळ कागदाचंच करा. झेरॉक्सचं स्कॅन अस्पष्ट येतं आणि त्रुटी निघते. त्रुटीचा मेसेज अर्जात दिलेल्या मोबाइलवर येतो, म्हणून तिथे सेतूवाल्याचा नको, घरातला नंबर द्या. अनुसूचित जमातीचा अर्ज मात्र आदिवासी विकास विभागाच्या वेगळ्या समितीकडे जातो.

वडील, सख्खे काका किंवा चुलतभावाचं वैधता प्रमाणपत्र असेल तर ते सगळ्यात वर लावा. काम बरंच हलकं होतं. नसेल तर समितीचं दक्षता पथक घरी, शाळेत, गावात चौकशी करू शकतं. त्याच्या अहवालाची प्रत मिळते. तीत काही विरोधात असेल तर मुदतीत लेखी खुलासा द्या, तोंडी सांगून भागत नाही.

प्रांताने दाखला नाकारला तर ३० दिवसांत अपील करता येतं. समितीने दावा फेटाळला तर त्यावर अपील नाही, थेट उच्च न्यायालयात रिट याचिका. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाल्याने सातारा-सांगलीकरांची त्यासाठीची मुंबईवारी टळली आहे.