गडावर फिल्टरशिवाय कॉफी

ट्रेकला फिल्टर-बिल्टर नेण्याची गरज नाही. जाड रव्यासारखी दळलेली, बिनचिकोरीची कॉफी घ्या आणि कपामागे (२०० मिली) १२ ग्रॅम अशा पुड्या घरीच बांधा. पाणी उकळलं की स्टोव्ह बंद करून अर्धा मिनिट थांबा. कळसूबाईच्या माथ्यावर (१६४६ मीटर) तेवढंही नको. तिथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. पूड टाकून ढवळा, झाकण ठेवा, चार मिनिटं हात लावू नका. मग चमचाभर गार पाणी शिंपडलं की तरंगणारा चोथा खाली बसतो. हळू ओता, तळाचा घोट सोडा. परत उकळू मात्र नका, कडूजहर होते. दूध पावडर हवीच असेल, तर कपात कालवा, पातेल्यात नाही. चोथ्याबरोबर तिचा नुसता राडा होतो.