कुळागरातील पावसाळी कामे, सर्पदंश आणि प्रतिविषाची मर्यादा

मृग लागला की गोव्यातील सत्तरी, सांगे, धारबांदोडा आणि काणकोणच्या कुळागरांत, म्हणजे माड-पोफळीच्या बागायतींत, रान काढणे, माडाची आळी उकरणे, पोफळीच्या झावळ्या गोळा करणे ही कामे एकदम अंगावर येतात आणि ओल्या पाचोळ्यात हात घालावाच लागतो. साप चावलाच तर इस्पितळात प्रतिविषाचे इंजेक्शन मिळते, एवढ्या भरवशावर अनवाणी उतरणाऱ्यांनी ते इंजेक्शन पारखतात कसे, हे आधी समजून घ्यावे.

आपल्याकडील प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून तयार होते आणि ते नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारच सापांच्या विषाविरुद्ध असते. त्याची ताकद पाहताना विष आणि प्रतिविष नळीत एकत्र करून सुमारे अर्धा तास 37 अंश तापमानात ठेवतात, मग ते मिश्रण उंदरांना टोचून 24 तासांनी किती जगले हे मोजतात. म्हणजे परीक्षेत दोघांची गाठ आधीच घालून दिलेली असते. कुळागरात मात्र विष पुढे निघून गेलेले असते. मण्यारीच्या विषाने मज्जातंतूंची टोके निकामी केल्यावर दिलेले प्रतिविष ती दुरुस्त करत नाही, त्यामुळे मांत्रिकाकडे घालवलेला तास पुढे कितीही कुप्या दिल्या तरी भरून निघत नाही.

एक मिलिलिटर प्रतिविषाने घोणशीचे 0.6 मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हावे, असे मानक आहे; म्हणजे 10 मिलिलिटरच्या कुपीने 6 मिलिग्रॅम. घोणस एका दंशात सरासरी 63 मिलिग्रॅम विष सोडते. उपचार 8 ते 10 कुप्यांनी सुरू का होतो, हे यावरून कळेल. लहान मुलालाही मात्रा तेवढीच लागते, कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही. घोणस किंवा फुरशाच्या दंशानंतर डॉक्टर थोडे रक्त काचेच्या कोरड्या नळीत 20 मिनिटे न हलवता ठेवतात आणि ते गोठले की नाही हे बघतात. त्या वेळी नातेवाइकांनी घाई करू नये.

आपल्या घाटालगतच्या बागायतींत खरी अडचण चापड्यांची (पिट व्हायपर या विषारी सापांची) आहे. त्यांतला नाकाचे टोक वर वळलेला, जेमतेम फूट-दीड फुटाचा चापडा सुक्या पानात पान होऊन बसतो. त्याच्या दंशाने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि चार सापांचे प्रतिविष त्यावर उपयोगी पडत नाही. तरीही इस्पितळात जावेच, आणि लघवी कमी झाल्यास लगेच सांगावे.

गमबूट घालावेत आणि पाचोळा आधी काठीने उलथावा. दंश झाल्यास अंगठी-कडे काढावे, आवळून बांधू नये, चिरा देऊ नये, हातपाय स्थिर ठेवून 108 ला फोन करावा. साप मारून आणण्यात वेळ घालवू नये. डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात. प्रतिविष घरी आणून ठेवणे तर धोक्याचेच, कारण त्याची तीव्र ॲलर्जी उठू शकते.

मांगरात (बागायतीतल्या झोपडीत) मुक्काम असल्यास खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपावे. मण्यारीचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही; पहाटे पोटात दुखून पापण्या जड होऊ लागल्या, तर अंगावर खूण शोधत बसू नये, थेट इस्पितळ गाठावे.