भुयारातले बॅक्टेरिया वाढवताय? या चुका टाळा

पावसाळा सरला की बीएस्सीची पोरं जांभ्यातल्या भुयारांतून सॅम्पल काढायला येतात आणि दर वर्षी त्याच चुका करतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

सगळ्यात मोठी चूक, न्यूट्रिएंट अगार (बॅक्टेरिया वाढवायच्या प्लेटमधलं भरपूर खाद्याचं जेलीसारखं माध्यम) आणि 37 डिग्री. अरे, 37 हे आपल्या अंगाचं तापमान, भुयाराचं नाही! तिथे ना ऊन ना पालापाचोळा, झिरपत्या पाण्यातून येईल तेवढ्यावर ते बॅक्टेरिया जगतात, त्यांच्यापुढे एकदम पंक्तीचं ताट मांडलं की ते राहतात बाजूला आणि भलतेच फोफावतात. राजापूरकडच्या एका ग्रुपने मला फोटो पाठवला, 24 तासांत प्लेट गच्च, पोरं खूश. विचारलं, कोऱ्या स्वॅबची, म्हणजे भिंतीला न लावलेल्या स्वॅबची, तुलनेसाठीची प्लेट कुठाय? ठेवलीच नव्हती. पुन्हा करायला लावलं तर कोऱ्या प्लेटवरही त्याच सोनेरी गोल कॉलनी (बॅक्टेरियांचे ठिपके), मायक्रोस्कोपखाली द्राक्षाचे घड, म्हणजे स्टॅफिलोकोकस, यांच्याच हातावरचा. दोन महिने फुकट. मग आर2ए, म्हणजे कमी खाद्याचं माध्यम, दहापट पातळ करून, प्लेटा ओल्या कागदासोबत डब्यात घालून कपाटात ठेवल्या. आठवडा गेला, काही नाही, एकजण म्हणाला टाकून देऊ, मी टाकू दिल्या नाहीत. एकोणिसाव्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढ्या, खडूसारख्या कोरड्या कॉलनी, आणि डबा उघडताच मिरगाच्या पहिल्या पावसाचा वास! तो जिऑस्मिन या रसायनाचा वास, ते बनवतात ॲक्टिनोबॅक्टेरिया, मातीतले बॅक्टेरिया. मी तर चार आठवड्यांच्या आत प्लेट टाकतच नाही.

विहिरीच्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला की लगेच डिझेल म्हणू नका. काडीने हलवा, काचेसारखे तुकडे होऊन तसेच राहिले तर लोखंडावर जगणारे बॅक्टेरिया, लगेच परत जुळला तर तेल. जांभ्यात लोखंड भरपूर, त्यामुळे आपल्याकडे हे कायम दिसतं. खालचा नारिंगी गाळ गंज म्हणून घासून काढण्याआधी थेंबभर मायक्रोस्कोपखाली बघा, लेप्टोथ्रिक्स या लोखंडाच्या बॅक्टेरियाच्या पोकळ नळ्या दिसतील.

प्लेटवरचा बॅक्टेरिया अँटिबायोटिकला दाद देत नाही म्हणून बाहेरची घाण समजून फेकू नका. न्यू मेक्सिकोतल्या लेचुगिया गुहेचा जो भाग 40 लाख वर्षं जगापासून तुटलेला होता, तिथल्या बॅक्टेरियांतही रेझिस्टन्स सापडलाय.

भिंतीवरचे चंदेरी ठिपके, म्हणजे बॅक्टेरियांच्याच कॉलनी, खरवडू नका, एकाच ठिपक्याला स्वॅब लावा. वटवाघळं असतील तर मास्क हवाच, त्यांच्या विष्ठेतली बुरशी फुप्फुसात जाते. पन्हाळेकाजीसारख्या लेण्यांत परवानगीशिवाय काहीच नको.

आणि स्वॅब बर्फाच्या डब्यातून आणा, त्याच दिवशी प्लेटवर घ्या, उद्या रविवार म्हणून सोमवारपर्यंत फ्रीजमध्ये ठेवू नका.