चार मैत्रिणी आणि एक खून: गावातली रहस्यकथा लिहिताना या चुका टाळा

आमच्या तालुक्याच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी येणाऱ्या कथा मी वाचते. मैत्रिणी मिळून खुनाचा छडा लावतात अशा कथा अलीकडे वाढल्या आहेत. हा प्रकार माझा फार आवडीचा, म्हणून आनंदच वाटतो. पण दरवर्षी त्याच चुका त्याच जागी सापडतात. लिहिणाऱ्या मुली हुशार आहेत, भाषा चांगली आहे. फक्त घाई फार आहे.

सगळ्यात जास्त वेळा येते ते चहातलं विष. कपाशीवर फवारायचं औषध खुनी कपात ओततो, म्हातारा दोन घोट घेतो आणि मान टाकतो. वास कुणालाच येत नाही. मग मैत्रिणींपैकी एक कप हुंगते आणि तिला सगळं उमगतं.

ही कथा मीही लिहिली होती. २०१८च्या हिवाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी ती वाचून दाखवायला गेले. कापूस वेचणीचे दिवस, तरी संध्याकाळी पंचवीस-तीस बाया जमल्या. वाचून झालं, टाळ्या पडल्या. मागच्या बाजूला बसलेली एक बाई उठून म्हणाली, "ताई, त्या औषधाचा वास तुमाले माहीत नाही काय? डब्याचं झाकण उघडलं का अंगणात समजते. चहात कसा लपन तो?"

मग तिनं सांगितलं. २०१७च्या हंगामात फवारणीतून विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात पडली. तिचा नवरा त्या शेकड्यांतला. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, डोक्याच्या वर गेलेली, फवारा तोंडासमोर. वावरातून घरी आला तो डोळ्यांपुढे अंधार म्हणत. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक, तोंडातून लाळेची धार, अंग घामानं निथळत. दवाखान्यात रात्रभर विषावर उतारा म्हणून ॲट्रोपिनची इंजेक्शनं चालू होती. तो वाचला. शेजारच्या खाटेवरचा पोरगा वाचला नाही.

मला फार लाज वाटली. तिच्या घरावरून जे गेलं होतं ते मी कथेत सोय म्हणून वापरलं होतं. ती कथा मी पुन्हा कधी वाचली नाही. तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे: ज्या वस्तूनं कथेत माणूस मरतो, ती रोज हाताळणाऱ्या माणसाशी बोलल्याशिवाय त्या वस्तूचं नाव कागदावर येऊ द्यायचं नाही. फोनवर शोधून दहा मिनिटांत मिळालेली माहिती मला चालत नाही. त्या माहितीला वास नसतो.

आणि पाहा, त्या बाईच्या बोलण्यातच खरी कथा होती. घरचे म्हणताहेत हार्ट अटॅक आला. पण खाटेजवळ बसलेल्या बाईनं त्या बारीक झालेल्या बाहुल्या आधी एकदा स्वतःच्या नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलेल्या आहेत. तिला शंका येण्यासाठी आणखी काय लागतं? पुढचं सिद्ध करणं शवविच्छेदनाचं आणि व्हिसेऱ्याचं, म्हणजे पोटातल्या अवयवांच्या तपासणीचं, काम. तो अहवाल नागपूर किंवा अमरावतीच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतून यायचा असतो. कथेत तो दुसऱ्या दिवशी दुपारी येतो. तसं करू नका. अहवाल येईपर्यंतचे आठवडे गाव कसं वागतं, कोण कुणाच्या दारात जायचं बंद होतं, ते लिहा.

माझा दुसरा राग रात्रीवर आहे. चौघी मैत्रिणी रात्री अकराला घराबाहेर पडतात, पांदणीनं, म्हणजे शेतांमधल्या वाटेनं, चालत संशयिताच्या गोठ्यापर्यंत जातात, टॉर्च मारून पुरावा शोधतात आणि घरी येऊन झोपतात. सासू कुठे आहे? लेकरू रडलं तर कोण उठतं? गल्लीतली कुत्री गप्प कशी? आणि ओलिताच्या दिवसांत शेतीपंपाची थ्री फेज वीज रात्रीची असली, तर अर्ध्या गावचे गडी मोटार चालू करायला वावरात असतात. पांदण रिकामी नसते.

याचा अर्थ बायकांना हिंडता येत नाही असा मुळीच नाही. त्यांच्या हिंडण्याला गावाला पटेल असं कारण लागतं, आणि अशी कारणं त्यांच्याकडे भरपूर असतात. बचत गटाची बैठक असते. आशाताईला कुठल्याही घरात गरोदर बाईची चौकशी करत शिरता येतं. अंगणवाडी सेविकेला कुठलं लेकरू कधीपासून येत नाही ते माहीत असतं. वेचणीला एका ओळीत दहा बाया लागतात आणि दिवसभर बोलतात. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडे कोण आलं, कोण गेलं, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. भुलाबाईच्या, म्हणजे पोरींच्या गाण्यांच्या सणाच्या, दिवसांत पोरी घरोघरी जातात, डबा वाजवून आतली खिरापत ओळखतात. हे डोकं आमच्याकडे पोरींना लहानपणापासून लावलं जातं, आणि तरी लिहिणारी तपासासाठी शहरातून एक जीन्सवाली पत्रकार आणते!

मी लिहायला बसण्याआधी एका वहीत चौघींची चार पानं करते. किती वाजता उठते, घरात कोण कोण, पाणी कुठून आणते, फोनचं रिचार्ज कोण मारतं, बाहेर पडताना काय सांगून पडते. एवढं लिहिल्याशिवाय प्रेत आणत नाही. नव्या मुलींना हे कंटाळवाणं वाटतं, त्यांना पहिल्याच पानावर प्रेत हवं असतं. आणा, पण चौघींची पानं भरून झाल्यावर.

मे महिन्यातलं प्रेत "थंडगार पडलं होतं" हे वाक्य आता तरी सोडा. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४६-४७ वर जातो. माणसाच्या अंगाची उष्णता ३७ अंशांच्या आसपास. भर दुपारी टिनाच्या खोलीत पडलेलं शरीर थंड व्हायचं कसं? तिथे प्रेत लवकर ताठतं, ताठरपणा लवकर उतरतो आणि माश्या तर लगेच येतात. "अंग थंड होतं, म्हणजे मरून सहा तास झाले" असा हिशोब तुमच्या नायिकेनं केला, तर आमच्याकडचा वाचक तिथेच पान मिटतो.

बोलीचंही तसंच. धानाच्या गोंदियाच्या गावात कापसाची वेचणी आणि यवतमाळकडच्या दारव्ह्याच्या कपाशीच्या शिवारात धानाची रोवणी दाखवू नका. भंडारा-गोंदियाची झाडीबोली आणि अकोला-यवतमाळची वऱ्हाडी एकाच तोंडात घालू नका. आणि वऱ्हाडी फक्त हसवण्यासाठी मोलकरणीच्या तोंडी देऊन हुशार मैत्रिणीला पुण्याचं मराठी बोलायला लावणं मला सहन होत नाही. "काऊन वं, काल तुह्या घरचा दिवा उशिरालोक जळत होता" या एका वाक्यात उलटतपासणी होऊ शकते.

पोलिसांच्या बाबतीत थोडक्यात सांगते. ठाणेदार मैत्रिणींना मोबाइलचं लोकेशन काढून देत नाही. गावाकडे एकेक टॉवर काही किलोमीटरचा परिसर धरतो, त्यातून "तो विहिरीपाशी होता" असं कळतही नाही. १ जुलै २०२४ पासून खुनाचं कलम भारतीय न्याय संहितेतलं १०३ आहे. पात्राच्या तोंडी "तीनशे दोन" चालेल, त्यानंतर घडणाऱ्या कथेतल्या एफआयआरमध्ये नाही. शेवटी खुनी ठाण्यात ढसाढसा रडून कबुली देतो आणि कथा संपते, तेही बंद करा. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा धरला जात नाही. पूर्वीही नव्हता, आताच्या साक्ष्य अधिनियमातही नाही.

पोलीस पाटील मात्र कुणीच वापरत नाही, याचं नवल वाटतं. अकस्मात मृत्यूची खबर ठाण्यात देणं हे त्याचं काम, आणि कितीतरी गावांत हे पद आता बाईकडे आहे. चौघींपैकी एक पोलीस पाटील असली आणि मेलेली बाई तिच्याच भावकीतली असली, तर? घरचे सरण रचायची घाई करताहेत. न्हाऊ घालणाऱ्या बायांनी गळ्यावरचे वळ पाहिले आहेत. ते त्यांच्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही, आणि त्या तिच्याकडे बघताहेत. मेलेलीच्या लग्नाला सात वर्षं झालेली नसतील, तर प्रकरण तहसीलदारापर्यंत जातं हेही तिला ठाऊक आहे. मी अजून अशी कथा वाचलेली नाही. कुणीतरी लिहावी.

मैत्रिणी एकमेकींशी कधीच भांडत नाहीत, ही चूक लहान दिसते पण कथा मारते. गटाच्या कर्जाचा हप्ता एकीनं थकवलेला असतो. एकीच्या हातचं पाणी दुसरीची सासू आजही पीत नाही. संशयित तिसरीचा दीर असतो. या चौघी तरीही एकत्र येतात, ते का, हे लिहिणारीला ठाऊक नसेल तर तिनं खुनापर्यंत जाऊच नये.

त्या बाईला मी आता प्रत्येक कथा छापायला देण्याआधी वाचून दाखवते. मागच्या खेपेला माझ्या खुन्यानं विळा पऱ्हाट्यांच्या ढिगात लपवला होता आणि तो वर्षभर कुणाला सापडत नव्हता. तिनं हातातलं निवडणं थांबवलं. "ताई, चुलीसाठी बाई रोज सकाळी तिथूनच काड्या ओढते. दोन दिवसांत सापडन तो." घरी आले आणि ते प्रकरण पुन्हा लिहिलं. आता तिसऱ्या दिवशी पहाटे चूल पेटवायला गेलेल्या मैत्रिणीच्या हाताला तो विळा लागतो.